हरणवाडीची हरकत

चावडीच्या भिंतीवर डकवलेली नोटीस वीरण्णा मास्तरांनी दुसऱ्यांदा वाचून दाखवली, तेव्हा सरपंच गुंडप्पानं काठी जमिनीवर आपटली.

"म्हंजे आपलं गाव लातूरच्या नगरपालिकेत जाणार?"

"हाव. हद्दवाढ करून राहिलेत. हरकत असंल तर तीस दिवसांत लेखी द्यायची."

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. शहराला पाय पसरायला जागा हवी होती, आणि रेणापूर रस्त्यावरची हरणवाडी आयती सापडली होती. गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत मोडणार, आणि तिच्याबरोबर गुंडप्पाची चौदा वर्षांची सरपंचकीही.

"लिहा मास्तर. आजच लिहा."

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. बाया दोराला धरून विहिरीत उतरत आणि वाटीवाटीनं घागर भरत. महिन्यापूर्वी गुंडप्पाची सून रुद्राणी अशीच उतरली आणि तिच्या हातातून दोर सुटला. सहा महिन्यांची गरोदर होती. तिला मातीत ठेवून आल्यावर गुंडप्पाची बायको शरणम्मा एवढंच म्हणाली, "शहरात घरोघर नळ हायेत म्हणं."

"सात पिढ्या ह्याच विहिरीवर जगल्या. तिचं नशीब," गुंडप्पा म्हणाला होता.

त्यानंतर शरणम्मानं नळाचं नाव काढलं नव्हतं.

मास्तरांनी अर्ज गुंडप्पाच्याच ओसरीवर बसून लिहिला. शरणम्मा शेजारी ज्वारी निवडत होती. गुंडप्पाला अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी वाचून दाखवलं, 'आमचं गाव आमचंच राहू द्यावं.' गुंडप्पा खूश झाला. पहिला अंगठा त्यानं उठवला.

मग नवराबायको मिळून रणरणत्या उन्हात दारोदार फिरले. कावेरीबाई भांडेल, असं त्याला वाटलं होतं. नळासाठी ग्रामसभेत तिनंच आकांत केला होता. पण तिनं शरणम्माकडं एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं अंगठा टेकवला.

"बघितलंस?" गुंडप्पा म्हणाला. "एक घर फुटलं न्हाई."

"न्हाई फुटलं," शरणम्मा म्हणाली.

सुनावणीला अख्खं गाव कलेक्टर कचेरीत आलं. गुंडप्पानं ठेवणीतला फेटा बांधला होता. साहेबांनी फाईल उघडली, कागद वाचला आणि मान वर करून हसले.

"कमाल आहे. आजूबाजूच्या सगळ्या गावांनी हरकती घेतल्यात. तुमचं एकच गाव शहाणं निघालं."

गुंडप्पाला काही उमगेना. साहेब मोठ्यानं वाचू लागले, "'आम्हां हरणवाडीच्या रहिवाशांची हद्दवाढीस कोणतीही हरकत नाही. आमचे गाव विनाविलंब शहरात घ्यावे, ही विनंती.' सरपंच, पहिला अंगठा तुमचाच ना?"

गुंडप्पानं मागं वळून पाहिलं. मास्तर, कावेरीबाई, सगळं गाव खाली बघत होतं.

शरणम्मा तेवढी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती.

"हाव साहेब," ती म्हणाली, "त्यांचाच हाय."