चाकामागची चकती

ज्ञानदानं चाक उतरवून आत टॉर्च मारला, तेव्हा श्रीपादराव नकळत खुर्चीतून उठले. मुलगी पाहायला पंडरी बाजारातल्या गॅरेजात यावं लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरी, चहापोहे घेत ठरवायची ही गोष्ट! पण अनिमेषनं हट्टच धरला होता, लग्न करीन तर या गॅरेजवालीशीच. मग बाप पोराची गाडी घेऊन, पुतण्याची आहे असं सांगून, गुपचूप परीक्षा घ्यायला आला होता. नकार द्यायचं मनात जवळजवळ पक्कं करूनच.

गाडी रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवलेली होती. चाकं रुबाबात बाहेर दिसावीत म्हणून त्यांच्यामागे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घातल्या होत्या.

"पुतण्या म्हणते, याहून जाड टाकून दे," श्रीपादरावांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला. "अन् फटाफट कर."

"नाही होणार, काका. हे पाहा, चकती नीट बसूनच नाही राहिली. वरून बोल्ट जुनेच, आखूड. नटानं फक्त तीन आटे पकडले. चालत्या गाडीचं चाक निघून गेलं असतं."

श्रीपादराव वाकून बोल्टांकडे पाहू लागले. कालच याच गाडीतून त्यांची बायको, अनिमेषची आई इंदू, बहिणीकडे जाऊन आली होती.

ज्ञानदानं हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या तुंब्यावर, चपखल बसणारी पातळ चकती निवडली, लांब बोल्ट घातले, नट समोरासमोरचे धरून ताण मोजणाऱ्या पान्यानं आवळले. एवढ्यावर भागलं असतं तर ती ज्ञानदा कसली! शेजारच्या होलसेलवाल्याकडून तिनं साड्यांचे गठ्ठे आणवले, डिकी भरली, मागच्या सीटवर दोन धिप्पाड हमाल बसवले. श्रीपादरावांना स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि स्वतः जमिनीवर आडवी होऊन टायर कुठं घासतो का ते पाहत राहिली. चारही चाकं, दोन्ही बाजूंनी. लोक पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं पाहत नाहीत, असं श्रीपादरावांना वाटलं. या पोरीच्या हाती घर सोपवलं तर आपण डोळे मिटायला मोकळे.

"थोडी चालवून परत आणा, काका. नट पुन्हा तपासल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही."

आता त्यांना राहवेना.

"पोरी, मी अनिमेषचा बाप. तुझी परीक्षा घ्यायले आलो होतो. चुकलंच माझं. अशी सून शोधूनही सापडायची नाही. आमचा होकार आहे!"

ज्ञानदानं हात पुसले आणि वाकून नमस्कार केला.

"गाडी आत आली तेव्हाच मी वळखली, काका. या चकत्या काढून टाकल्या, असं अनिमेषनं मले आईची खोटी शपथ घेऊन सांगितलं होतं." तिनं काढलेली जाड चकती त्यांच्या हातात ठेवली. "माझा नकार आहे."