दहा मिनिटांच्या आत

"दोन मिनिटं म्हणायचं. त्याहून जास्त नाही," बायकोने लष्करी इस्पितळातल्या बाकावर बसल्या बसल्या तिसऱ्यांदा बजावलं.

"पण मी तर..."

"तुमचं 'मी तर' घरी ठेवा. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलंय ना? जो दहा मिनिटांहून जास्त उभा राहू शकतो, त्याला गुडघ्याचं ऑपरेशन मिळत नाही. गेल्या खेपेला पाच नंबरवाल्याने फॉर्म परत केला. त्याच्याआधी कार्डावर शिक्काच दुसऱ्या खात्याचा निघाला. आज डॉक्टरांच्या बोर्डाने नाही म्हटलं, तर एकदम पुढच्या वर्षी."

माजी सैनिकाने मांडीवरची फाइल सरळ केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जास्त वेळ उभा राहिला तोच पास, एवढंच त्याने पाहिलं होतं.

"म्हणजे आधी कोसळेल तो पास?"

"हो."

"असलं कसलं बोर्ड हे?"

"तुम्ही भरती व्हायला नाही आलात. काठी घ्या. आणि जरा वाकून चाला."

शिपायाने नाव पुकारलं. बायकोला दारातच थांबवलं.

आत टेबलाशी तरुण डॉक्टरीणबाई होत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या, बारीक कातरलेल्या मिशांचे गृहस्थ कागदांवर सह्या करत होते.

"बसा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो बसणार, एवढ्यात मिशीवाल्यांनी मान वर केली.

"कोणती पलटण?"

तो आवाज पुरला. काठी भिंतीला लागली, टाचा जुळल्या, छाती पुढे आली. त्याने पलटण सांगितली. मग कुणी न विचारता क्रमांक आणि हुद्दाही सांगितला.

"काका, आधाराशिवाय किती वेळ उभं राहता येतं?"

दोन. त्याला आठवत होतं. अगदी जिभेवर होतं.

"हुकूम येईपर्यंत."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी फॉर्म फिरवून रिकामा चौकोन दाखवला. "इथे मिनिटं लिहायची असतात हो. अंदाजे सांगा. आणि बसा ना!"

बस म्हणून बाईंनी सांगितलं होतं, साहेबांनी नाही. दोन म्हण म्हणून बायकोने सांगितलं होतं. आता कुणाचं ऐकायचं, ते त्याला कळेना. नजर समोर ठेवायची, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. ती त्याने ठेवली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्याच्या पँटची उजवी बाजू गुडघ्यापाशी थरथरत होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या, त्यांना हातानेच थांबवलं. मिनिटकाटा एकेक घर पुढे सरकत होता. घाम कपाळावरून भुवईत उतरला. त्याने पुसला नाही.

"विश्राम," साहेब हलकेच म्हणाले.

गुडघा गेला. साहेब टेबलाला वळसा घालून येईपर्यंत तो दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून लोंबकळत होता. त्यांनी काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं.

"किती झाली?"

"चार, सर." डॉक्टरीणबाईंनी चौकोन भरला. साहेबांनी खाली सही केली.

त्याने धापा टाकत मान लांब करून तो आकडा पाहिला. चेहरा पार पडला.

"चारच? साहेब, परत एकदा घ्या."