पहिल्याचं पार्टिशन

बायकोच्या वारलेल्या पहिल्या नवऱ्याबद्दल आपल्या मनात काहीही नाही, असं दुसरा नवरा आठवड्यातून निदान तीनदा तरी सांगे. राग होता तो फक्त त्याच्या कॉम्प्युटरचा.

त्याच्या डिस्कची दोन पार्टिशनं, म्हणजे दोन वेगळे कप्पे होते, एक पहिल्याचं आणि एक ह्याचं. यंत्र चालवणारी लिनक्स प्रणाली दोन्हीत. कुठून सुरू व्हायचं त्या यादीत ह्याने आपलं पार्टिशन कितीही वेळा वर आणून ठेवलं, तरी यंत्र सुरू व्हायचं ते पहिल्याच्याच पार्टिशनमधून.

"सवय असते एकेकाला," बायको म्हणाली.

"यंत्राला?"

"मग मी कुणाबद्दल बोलतेय?" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

रविवारी सकाळी त्याने जुन्या फोटोंची प्रत काढून ठेवली, पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं आणि पहिल्याचं पार्टिशन पुसून टाकलं. पार्टिशनचा नंबर दोनदा तपासून पुसलं. मग जरा गुणगुणतच यंत्र पुन्हा चालू केलं.

ते सुरळीत सुरू झालं, पहिल्याच्या पार्टिशनमधून.

त्याने परत पेन ड्राइव्ह लावून पार्टिशनांची यादी पाहिली. पहिल्याचं पार्टिशन सगळी डिस्क व्यापून ऐसपैस बसलं होतं. ह्याचं कुठेच नव्हतं.

"अहो, चहा झालाय," स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली.

ह्याने ओ द्यायला तोंड उघडलं, तोच बाहेरच्या खोलीतून कुणीतरी सावकाश म्हणालं, "आलो."

आणि बायको हसली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ह्याच्याशी ती तशी एकदाही हसली नव्हती.