तिच्यासाठी थांबणारा

"बावीस वर्षं झाली मुन्जी, तू एकदाही माझ्यासाठी थांबला नाहीस. मी जरा थांबले रे थांबले की तू दरबुका बडवत सुटतोस. टाळ्यांचा हावरट कुठला!" सगळ्या वादकांदेखत असं सुनावून गायिका सलूहाने मला हाकललं. मग बाकीच्यांनाही.

आमच्या जागी एक लॅपटॉप आला. ऊद, व्हायोलिन, बासरी, दरबुका, सगळं त्याच्या पोटात, आणि प्रत्येकाचा आवाज हवा तसा कमी-जास्त करायची सोय. वर तो माइकमधून तिचं गाणं ऐकत राहायचा. ती रेंगाळली की रेंगाळायचा, थांबली की थांबायचा. "साथ म्हणतात ती याला!" असं ती स्फाक्स शहरभर सांगत फिरली.

काल माझ्या भाचीच्या लग्नात तीच गायला होती. मी पाहुणा, पहिल्या रांगेत, हातात बकलाव्याची ताटली. तिसऱ्या गाण्यात ती ओळ विसरली. नेहमीच विसरायची. अशा वेळी मी दरबुका कडाडवायचो, लोक टाळ्यांचा ठेका धरायचे आणि त्या गोंगाटात तिला ओळ सापडायची.

लॅपटॉप थांबला. सगळी वाद्यं एकदम, चोख. चारशे माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसली. तिची नजर भिरभिरत माझ्या बोटांवर आली. मी त्या बोटांनी आणखी एक बकलावा उचलला.

"सावकाश आठव," मी म्हणालो. "तो थांबलाय तुझ्यासाठी."