सुई लांब धर

शकुनने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओढलं. ते कोरडंच बाहेर आलं. तिने जीभ फिरवून पाहिली, पुन्हा ओढलं. तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. दोऱ्याचे पदर सुटलेलेच राहिले आणि सुईच्या नेढ्यापाशी येऊन दोन्हीकडे फाकले.

समोर ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग होता. जठारपेठेतल्या लग्नघरी दुपारच्या आत दोन हार आणि नवरीची वेणी पोचवायची होती. तिचा नवरा उत्तमराव उरलेला मोगरा खुडायला मळ्यात गेला होता. घरी ती आणि सासू गंगूबाई, दोघीच.

"काय वं, जमून नाही राहिलं?" ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून गंगूबाईने विचारलं.

"जमते, आत्याबाई."

"काय जमते? कव्हाची पाहून राहिली मी. एक सुई ओवून नाही झाली. हात पाहय आपला."

शकुनने पाहिला. सुई बोटांत थरथरत होती. डोळ्यांजवळ आणली की नेढं दिसेनासं होई, नुसती चकाकी उरे. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या सुयाही रोज सकाळी तीच ओवून द्यायची. गंगूबाईला जवळचं दिसत नव्हतं.

"हे त्या गोळ्याइनं केलं," गंगूबाई म्हणाली. "तोंड कोरडं, हात लटलट, उठली का भोवंड. बारा दिवस झाले. आता बस. शिशी माह्यापाशी हाय. आज गोळी भेटनार नाही तुले."

शकुनने मान वळवली. कोनाडा रिकामा होता. त्याच्या वर बियाणेवाल्याचं चौसष्ट सालचं कॅलेंडर लटकत होतं, त्यावर कोळशाच्या बारा फुल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. फुलांची टोपली उशाशी आणून ठेवली तरी तिला वास येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मनाच्या या आजारावर ही गोळी नवीन निघाली आहे. त्रास आधी दिसेल, गुण मागून येईल. तीन आठवडे सोडायची नाही."

"आत्याबाई, शिशी द्या."

"नाही देत. इख हाय थे."

"इख असतं त आज कोनी न उठवता मी हार कराले बसली असती का?"

 गंगूबाई उठली. उठताना तिने खांब धरला, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली आणि मगच पाऊल टाकलं. दुसऱ्या हातात नेहमीचा पाण्याचा लोटा होता. तो हलत होता. काठावरून पाणी ओघळलं.

शकुन बघत राहिली. मग हसली.

गंगूबाई जागीच थांबली. "काहून हासून राहिली वं?"

"तुमाले भोवंड येते, त तुमी खांब धरता. तोंड कोरडं पडते, त लोटा संग ठेवता. हात तुमचाबी हालते. जवळचं तुमालेबी दिसत नाही. तुमाले कोनं इख देलं?"

"माह्यं म्हातारपन हाय थे, पोरी!"

"मंग मलेबी डॉक्टरानं थेच देलं. तीन हप्त्याचं." शकुनने सुई गुडघ्यावर ठेवली. "तुमी इतके वर्सं काढून राहिल्या. मी तीन हप्ते नाही काढनार का?"

 गंगूबाईने लोट्यातला एक घोट घेतला. मग शकुनजवळ येऊन बसली. हार बांधायच्या सोपटासाठी, म्हणजे सालीच्या धाग्यासाठी, कापून आणलेला केळीचा बुंधा तिने दोघींच्या मध्ये ओढला आणि सुई त्यात उभी खोचली.

"हातात धरूच नको. हात हालते त हालू दे, सुई त नाही हालत न? कोपर मांडीवर टेकव. थुकी नाही? हे पाहय." तिने दोऱ्याचं टोक बुंध्याच्या ताज्या कापावर घासलं आणि चिमटीत पिळलं. केळीच्या चिकाने दोरा काडीसारखा ताठ झाला. "आता मांगं सरक. अजून. नाकापाशी नेतं थेच चुकते. लांबून पाहय."

शकुन मागे सरकली. हात लांब गेला तसं नेढं दिसू लागलं. पहिल्यांदा दोरा बाजूने गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी तो आत शिरून पलीकडे निघाला.

तिने सुई उपटली, दोरा ओढून घेतला आणि सासूकडे पाहिलं. "इतकं येत होतं तुमाले, त मले काहून ओवाले लावत होत्या?"

"सून कशाले आनली मंग?" गंगूबाई म्हणाली. मग कळ्यांच्या ढिगाकडे बघत हळूच म्हणाली, "तू निजून होती थे चार महिने कोन ओवत होतं?"

शकुनने पहिली कळी सुईत घातली. दुसरी घातली. हात हलत होता आणि कळ्या चढत होत्या.

गंगूबाईने कनवटीची गाठ सोडली. शिशी काढली, हात लांब करून तिच्यावर डकवलेल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"एक का दोन?"

"एक."

"पह्यले घोट घे. कोरड्या गळ्यात अटकते." तिने लोटा पुढे केला. शकुनने घोट घेतला, मग गोळी घेतली, मग आणखी एक घोट.

गंगूबाईने शिशी उचलून कोनाड्यात ठेवली. परत येऊन बसली. आपली सुई काढून तिने शकुनच्या पुढ्यात, केळीच्या बुंध्यात खोचली. तिचा दोरा शेजारी ठेवला.

"घे. आता माह्यी ओव."