डावा तळहात

गुरुसिद्धप्पांनी पालीपुढं दूधभात ठेवला, गूळ ठेवला, शेवटी दिव्याखाली मरून पडलेले किडे वेचून ठेवले. पाल ढिम्म हलेना. पिवळी, ठिपक्यांची ही पाल, सोनी, त्यांच्या लेकीची, शिवप्रियाची. मामानं पुण्याहून आणून दिलेली, काचेच्या पेटीत राहणारी. तिला जिवंत रातकिडाच लागे. रातकिड्यांचा डबा शेजारीच होता, आणि गुरुसिद्धप्पा त्यांनाही रोज गाजराची चकती टाकत. मुंगी दिसली तरी वाट सोडणारा माणूस, तो कुणाला उपाशी कसा ठेवणार!

दुकान बंद करून ते नुकतेच घरात आले होते, तोच फोन वाजला. पडद्यावर सोलापूरच्या दवाखान्यातली खाट दिसली. खाटेवर तापानं सुकलेली शिवप्रिया, आणि शेजारी पेजेची वाटी धरून बसलेली तिची आई गंगम्मा.

“कालपासनं पोरगी घास घेईना,” गंगम्मा म्हणाली. “डॉक्टर लई रागावले. आता तुम्हीच सांगा हिला.”

“अप्पा, सोनीनं खाल्लं?” शिवप्रियाचा आवाज पार खोल गेला होता.

“खाल्लं की.”

“खोटं बोलू नका. तुमच्यानं व्हायचं न्हाय ते. मला दाखवा, मग मी खाते.”

गुरुसिद्धप्पांच्या उजव्या हातात फोन होता. डाव्या हातानं त्यांनी डब्याचं झाकण सारलं, एक रातकिडा मुठीत धरला, हात पेटीत घातला आणि मूठ उघडली. किडा तळहातावर मिशा हलवत बसून राहिला. पळून जायचं त्याला सुचलंच नाही. पालीनं मान वळवली. कुर्रकन आवाज झाला.

“खाल्लं!” शिवप्रिया हसली. गंगम्मानं लगबगीनं चमचा तिच्या तोंडाला लावला. एक चमचा, मग दुसरा. गुरुसिद्धप्पांचे डोळे भरून आले. त्या रात्री ते स्वतः मात्र जेवले नाहीत.

सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते पूजेला बसले. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढलं आणि रोजच्यासारखं डाव्या तळहातावर ठेवलं. पोरगी आजारी पडल्यापासून त्यांचं मागणं एकच होतं: माझ्या लेकराचा जीव वाचव.

काल रातकिडा बसला होता तो हाच तळहात. पलीकडं डब्यात उरलेले रातकिडे गाजर कुरतडत होते. गुरुसिद्धप्पा बराच वेळ लिंगाकडं बघत राहिले. ओठ हलले, पण मागणं काही बाहेर आलं नाही.