पाठवला होता

"पूर्वी देव आधी सावध करायला कुणालातरी पाठवायचा ना, पाळकसाहेब?" पिटरनेला म्हणाली. "मग आमच्याकडेच का नाही पाठवला?"

पाळक व्हरहागे तिला पावाचा तुकडा देत होते. त्यांनी तो तिच्या हातात ठेवला. समुद्राचा बांध फुटून आज तिसरा दिवस होता. गावात पाण्याच्या वर राहिलं होतं ते उंचवट्यावरचं हे चर्च तेवढं. बाकांवर नव्वद माणसं होती, व्यासपीठाच्या कठड्यावर पोरांचे कपडे वाळत होते, दाराच्या आत कुणाची तरी गाय बांधली होती. पिटरनेलाचा नवरा अजून सापडला नव्हता.

"तो काळ वेगळा होता, बाई," ते म्हणाले.

उत्तर तोंडपाठ होतं. नोव्हेंबरात त्यांनी इथूनच सलग चार रविवार संदेष्ट्यांवर उपदेश केला होता. देवानं तारणाची वाट कशी आखली, एकामागून एक संदेष्टा पाठवून लोकांना कसं तयार केलं, आणि ख्रिस्त आल्यावर ते काम कसं पुरं झालं. "संदेष्टे म्हणजे वाटेवरचे मैलाचे दगड. मुक्काम आल्यावर कुणी नवे दगड रोवत बसत नाही," हे वाक्य तर लोकांना फारच आवडलं होतं. बाहेर पडताना हुब्रेख्ट शेतकऱ्यानं त्यांचा हात दाबून म्हटलं होतं, "बरं ठेचलंत त्याला."

तेवढ्यात हुब्रेख्टच्या बोलण्यातला 'तो'च आत आला. मारिनस, गावाचा बांधराखा. कमरेपर्यंत ओला. छपरावरून उतरवलेल्या एका म्हातारीला त्यानं बाकावर टेकवलं, कुणाकडे न बघता पावाचा तुकडा उचलला आणि उभ्याउभ्याच खायला लागला.

पिटरनेला अजून उत्तराची वाट बघत होती. पाळकांचे कान तापले. त्या बाईच्या डोळ्यांकडे बघवेना, आणि दुसरीकडे बघावं तर तिथे मारिनस उभा.

"पाठवला होता," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"पाठवला होता, बाई. तो बघा, तिथे पाव खातोय."

आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. बाकांवरची कुजबुज थांबली. आता मागे फिरता येणार नव्हतं.

"ऑक्टोबरात तो माझ्याकडे आला होता," पाळक म्हणाले. "हातात लोखंडी गज घेऊन. म्हणाला, पाळकसाहेब, नुसत्या हातानं ढकलला तरी हा गज बांधात हातभर आत जातो. बांध आतून पोखरलाय सगळा. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. एखाद्या रविवारी दोन शब्द बोला." "मी बोललो. चार रविवार बोललो. तुम्ही त्याचं ऐकू नये म्हणून बोललो. बांधाचं काम निघालं असतं तर ज्यांच्या खिशाला जड गेलं असतं, ते पहिल्या बाकावर बसतात. त्यांची मर्जी मला हवी होती."

पिटरनेलानं हातातला पाव त्यांच्या तळहातावर परत ठेवला आणि तोंड फिरवलं. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

पहिल्या बाकावरून हुब्रेख्ट उठला. त्याचे दोन गोठे आणि थोरली सून गेली होती. तो पाळकांकडे वळला नाही, मारिनसकडे वळला.

"मग आता समाधान झालं ना तुझं!" तो ओरडला. "खरा ठरलास! कर मजा!"

मारिनसचं चावणं थांबलं.

"रोज सकाळी बांधावर जायचो," तो म्हणाला. "गज खुपसायच्या आधी एकच मागायचो. देवा, मला खोटा पाड. सगळं गाव हसू दे, पण मला खोटा पाड." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "रोज मागायचो, हुब्रेख्ट. तुझ्यासाठीपण."

हुब्रेख्ट मटकन खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले.

"वल्हवायला एक माणूस पाहिजे," मारिनस म्हणाला. "आतापर्यंत वल्हवणाऱ्या यानच्या हातांची सालटी निघालीत. शाळेच्या छपरावर अजून सहा जण आहेत."

धडधाकट म्हणावा असा पुरुष बाकांवर फारसा उरला नव्हता. पाळकांनी काळा झगा काढला आणि तो त्या भिजलेल्या म्हातारीच्या अंगावर घातला. ते दाराकडे निघाले तेव्हा कुणी थांबवलं नाही, कुणी बरं केलंत असंही म्हटलं नाही.

होडी उंचवट्याच्या पायरीला लावलेली होती. पाळक वल्ह्यांपाशी बसले ते थेट शाळेच्या दिशेनं तोंड करून.

"उलटे बसलात," मारिनस म्हणाला. "जायचं तिकडे पाठ करायची."

ते फिरून बसले. आता समोर फक्त चर्च दिसत होतं, आणि दारात उभी असलेली पिटरनेला. मारिनस लांब बांबू घेऊन त्यांच्या पाठीमागे, होडीच्या टोकाला उभा राहिला.

"मला पुढचं काहीच दिसत नाहीये, मारिनस."

"पाण्याखाली कुंपणाचे खांब आहेत. मी सांगतो तसं करा."

पाळकांनी वल्ही पाण्यात घातली. पहिल्याच ओढीला तळहात चरचरले.

"डावं ओढा," मागून आवाज आला.

मागे वळून न बघता त्यांनी डावं ओढलं.